सब्ज्याचा पेला

पाण्यात सब्जा फुगला की प्रत्येक काळ्या दाण्याभोवती टपोरं, पारदर्शक कवच येतं. आज आईनं पेला पुढे केला आणि मी त्या दाण्यांकडे बघतच राहिले. मला कमरेखाली फोड येतात ते थेट असेच असतात, पाण्यानं भरलेले, एकमेकांना चिकटून.

आमच्या घरात कमरेखालच्या प्रत्येक दुखण्याला एकच नाव आहे, उष्णता. पहिल्या वेळी ताप आला, लघवीला आग झाली, धड बसवेना, तरी मी शहाणी पंधरा दिवस गुलकंद खात राहिले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "हा जननेंद्रियाचा हर्पीस आहे. परत परत येऊ शकतो, पण तुम्हाला ओळखता येईल."

आता येतो ओळखता. आधी डाव्या मांडीत मुंग्या येतात, मग एकदोन दिवसांत त्याच जुन्या जागी फोड. मुंग्या आल्या की मी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरू करते आणि नवऱ्याला सांगते, "काही दिवस जवळ नको." तो कारण विचारत नाही, त्याला माहीत आहे. माझ्या नसेत हा हर्पीस कायमचा राहायला आलाय खरा, पण घर माझं आहे.

"घे ना, उष्णता उतरेल," आई म्हणाली.

"उष्णता नाही गं, हर्पीस आहे." मग मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, मुंग्यांसकट.

तिनं पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "माझी उजवी मांडी चमकते आधी, मग फोड."