आपण की आम्ही

आमचा सतीश अंगणात उभा आहे, दोन हातांत दोन उमेदवारांच्या प्रचाराच्या पाट्या घेऊन. पक्ष एकच, पण अध्यक्षपदाचा उमेदवार कोण हे आधी पक्षाच्या मतदारांनी ठरवायचं, अशी इथली अमेरिकेतली रीत. कुणाची पाटी रोवावी, हे त्याचं ठरत नाहीये.

"दोघंही बाहेरच्यांना दार बंदच करणार आहेत," सूनबाई म्हणाली, "मग अक्षर बघून निवड."

"हसू नकोस. आपण रीतसर रांगेत उभं राहून या देशात आलो."

हे वाक्य मूळचं माझं. मी नवी नवी नागरिक झाले तेव्हा शेजारणीला चहाला बोलावून अशीच उमेदवार पारखत होते, मंडईत वांगी पारखावीत तशी. मोठ्या ऐटीत इंग्रजीत म्हणाले, 'वी' आता दार लावून घ्यायला हवं. पलीकडे सतीशला सांभाळायला येणारी मारिया त्याला भरवत होती, तो तेव्हा छोटा होता. ती कागदपत्रांविना या देशात आलेली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मराठीत बोलले असते तर अडखळले तरी असते. 'आपण' म्हटलं तर मारिया आत, 'आम्ही' म्हटलं तर बाहेर. इंग्रजीत दोन्हींना एकच 'वी', त्यानं मला निवडायला लावलंच नाही. मारियाला मात्र नेमकं कळलं. सोमवारपासून ती आली नाही, आणि मी शहाणीनं शोधलंही नाही.

"आई, तू सांग, कुणाची लावू?"

"मारियाला विचारायला हवं होतं."

"कोण मारिया?"

जिचं बोट धरून तो पहिलं पाऊल टाकायला शिकला, तिचं नाव मी या घरात पुन्हा कधी काढलंच नव्हतं.