काकांचं नाव

वारासिवनीच्या मिलमधून उकडलेल्या धानाचा वास आला की मला कटंगीतलं मिलशेजारचं ते ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आठवतं. काका वारले होते आणि शेतकऱ्यांच्या सरकारी हप्त्याच्या यादीतून त्यांचं नाव कमी करायला काकू आली होती. बाबा काकांचे जुळे भाऊ. तेही मला घेऊन आपल्या हप्त्यासाठी फोनला चेहरा दाखवून ओळख पटवायला आले होते. टेबलावर दोघांची आधार कार्डं होती, दुकानदाराने चुकून काकांचा नंबर टाकला. फोनने सांगितलं तसे बाबांनी डोळे मिचकावले आणि फोनवर काकांचं नाव हिरवं झालं. “हो गया, आदमी जिंदा है,” दुकानदार हसला. बाबा पांढरेफटक पडले. काकू मात्र जवळ सरकून हळूच म्हणाली, “भाऊजी, अजून एकडाव डोळे मिचकवा न जी.” नाव त्याच दिवशी कमी झालं. पण बाबा दुपारी झोपले की, डोळे उघडून माझ्याकडे कोण बघेल, याची मला आजही भीती वाटते.