मधला ठिपका

छापखान्यात त्यांना सगळे इस्त्रीकाका म्हणायचे. कपड्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. कॉम्प्युटरवर फोटो साफ करणं हे त्यांचं काम, आणि साठीच्या गृहस्थाच्या चेहऱ्यावरून त्यांचा हात फिरला की सुरकुती औषधालाही उरत नसे. कधीकधी तो गृहस्थ स्वतःलाच ओळखत नसे. काकांना ती दाद वाटायची.

एकदा एका वेधशाळेचं कॅलेंडर छापायला आलं. पानोपानी दीर्घिका. त्यातली एक फारच देखणी, तिचे बाहू पाण्यातल्या भोवऱ्यासारखे वळत गेलेले. पण ऐन मधोमध पांढराफटक ठिपका. "फोटो काढणाऱ्याला उजेड आवरता आला नाही," काका पुटपुटले. शेजारचा चहा गार झाला तरी त्यांनी मान वर केली नाही. ठिपका असा बेमालूम पुसला की मालकांना मुद्दाम हाक मारून फोटो दाखवला. मालक म्हणाले, "वा!" मालक सगळ्यालाच वा म्हणत.

दुसऱ्या दिवशी वेधशाळेच्या बाई प्रूफ बघायला आल्या. त्या पानाशी थबकल्या.

"मधलं कुठं गेलं?"

"काढलं," काका नम्रपणे म्हणाले. आता कौतुक होणार, अशी त्यांची खात्रीच होती. "भडक दिसत होतं हो."

"अहो काका, तेच तर दाखवायचं होतं!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. तिथं एक अवाढव्य कृष्णविवर आहे, त्यांनी सांगितलं. भोवतालचा वायू गरगरत त्याच्याकडे ओढला जातो, तापतो, आणि इतका झळाळतो की एवढ्याशा जागेतला उजेड बाकीच्या सगळ्या ताऱ्यांना भारी पडतो. "माझी निम्मी नोकरी त्या ठिपक्याचा अभ्यास करण्यात गेली," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तो बसल्या जागी उडवलात!"

मूळ फोटो शाबूत होता म्हणून निभावलं. ठिपका जागेवर आला. काकांचं तोंड मात्र एवढंसं झालं.

घरी बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्यात नवल काय? आपल्या लग्नाच्या फोटोत माझ्या हनुवटीवरचा तीळ ब्रशनं असाच घालवलात. माझी बहीण अजून विचारते, भावजींच्या शेजारी ही कोण म्हणून."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं होतंत?"

हे मात्र काकांनी फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारायचा सपाटाच लावला. "साहेब, तुमच्या नाकावर चामखीळ आहे. ठेवू ना?" गिऱ्हाइकं गोरीमोरी व्हायची. एका नवरदेवाला ऐन लग्नात कपाळावर टपोरी पुटकुळी आली होती. त्याचा फोन लागेना, म्हणून काकांनी थेट त्याच्या सासऱ्यांनाच विचारलं.

"राहू द्या की," सासरे म्हणाले. "आम्हाला जावई तसाच मिळालाय."

काकांनी पुटकुळी अल्बमभर जशीच्या तशी ठेवली. नवरदेव अजूनही छापखान्यावरून जाताना तोंड फिरवून जातो.