कुमुदताईंच्या डब्यातली डिस्क

कुमुदताई गेल्या हे त्यांच्या सुनेने फोनवर सांगितलं, तेव्हा मी डोंबिवलीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रवेशाचे फॉर्म तपासत बसलो होतो. रिसीव्हर खाली ठेवल्यावर सर्वांत आधी मनात काय आलं ते लिहायला हात धजत नाही... आता त्या डिस्कबद्दल कुणी विचारणार नाही, असं वाटलं. रडू नंतर आलं. महिना उलटला तरी ती पहिली सुटका मला विसरता येत नाही. हे लिहितो आहे ते म्हणूनच.

ताई आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. ऐंशीच्या दशकात दोन कापडी पिशव्यांत मासिकं आणि कादंबऱ्या भरून त्या घरोघरी वाचनालय चालवायच्या. पुस्तक परत देताना बायका दारातच भांडायच्या. "हिने तेव्हाच घर सोडायला हवं होतं हो, पुढची शंभर पानं वाचली असती ना." ताई हसायच्या आणि त्या बाईने सुचवलेला शेवट वहीत टिपून ठेवायच्या. अशा चार-पाच वह्या होत्या. आम्हाला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा.

पुढे नव्वदच्या दशकात मी इमारतीच्या तळमजल्यावर क्लास काढला. एकदा ताईंना एक परदेशी सीडी दाखवली. पडद्यावरच्या दारावर क्लिक केलं तर गोष्ट एकीकडे जायची, खिडकीवर केलं तर दुसरीकडे. मला वाटलं, थक्क होतील. त्या म्हणाल्या, "अरे दिलीप, यात नवीन काय? हे तर आमच्या बायका आपापल्या दारात दहा-बारा वर्षं करतायत. तुझी मशीनं दुपारी रिकामीच असतात ना?"

अशी दुपारी दोन ते चारची ती बॅच सुरू झाली. सहा बायका, चपला बाहेर काढून एसीत कुडकुडत आत यायच्या. पण ताई त्यांना माउसला हात लावू देत नसत. आधी फरशीवर जुन्या लग्नपत्रिका उलट्या मांडायच्या. एक पत्रिका म्हणजे पडद्यावरचं एक चित्र. प्रत्येकीतून लोकरीचे निदान दोन धागे निघायला हवेत, हा त्यांचा नियम. पुढे नेणारा धागा निळा, मागे आणणारा लाल. "ऐकणाऱ्याला परत फिरता आलं पाहिजे गं," म्हणायच्या. धागे पक्के झाले की मग मी ती गोष्ट मशीनवर चढवायचो.

त्या सहाजणींत खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या मथुराबाई होत्या. इमारतीत मासळी घेऊन यायच्या, तिथून ताईंनी त्यांना खाली ओढलं. त्यांचा नवरा खाडीत गेलेला, होडी रिकामी परत आलेली. त्यांच्या गोष्टीतली बाई बांधावर उभी असते. कंदिलावर क्लिक केलं की ती शोधायला निघते, चुलीवर केलं की घरी परतते. सात वाटा होत्या. सहांवर होडी रिकामी येते. एका वाटेवर तो येतो. मथुराबाईंनी सगळं स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत सांगितलं होतं. पंखा, एसी बंद करून, एका दमात. "अवो, भरती लागली, या आता," ही त्यांची हाक रेकॉर्ड होताना ताईंनी डोळे मिटून घेतले होते.

ठाण्यातल्या एका संस्थेचे लोक काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर बॅचसाठी वेगळी मशीनं मिळणार होती. मला धास्ती वाटली, या मंडळींना ही बोली कळेल का, आपलं हसं तर होणार नाही ना. ताईंना न विचारता मी एका निवेदन करणाऱ्या बाईंकडून शुद्ध भाषेत सगळं पुन्हा बोलून घेतलं. आणि प्रत्येक फाइल जुन्याच नावाने साठवली, म्हणजे जोडण्या आपोआप चालतील, नव्याने खटाटोप नको. जुन्या फाइलवर नवी बसली की जुनी कायमची जाते, हे मीच रोज मुलांना शिकवतो. दुसरी प्रत काढायला मशीनमध्ये जागा नव्हती, आणि खरं म्हणजे मला गरजही वाटली नाही.

त्या दिवशी मथुराबाई हिरवं कोरं लुगडं नेसून आलेल्या. पाहुण्यांसमोर त्यांनी स्वतः होडीवर क्लिक केलं. स्पीकरमधून एक गोड, परका आवाज आला. त्यांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही कोन बोलते, मास्तर?"

मी म्हणालो, मशीनमधली डिस्क खराब झाली, तुमचा आवाज गेला, ऐनवेळी दुसरी सोय केली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मशीनं मंजूर झाली. मथुराबाई पुन्हा आल्या नाहीत. ताई त्यांच्या घरी जाऊन आल्या, पुन्हा बोलशील का विचारायला. "एकदा बोलला तो बोलला, ताई," एवढंच त्या म्हणाल्या.

खोटं टिकवायचं म्हणून मी ती धडधाकट डिस्क मशीनमधून काढून नवी बसवली. ताई म्हणाल्या, "टाकू नकोस, मला दे." भाजणीच्या एका स्टीलच्या डब्यात मऊ फडक्यात गुंडाळून त्यांनी ती ठेवली. मग जिन्यात भेटलो की विचारायच्या, "काय रे, आलं का काही नवीन, आवाज परत मिळवायचं?" मी म्हणायचो, "अजून नाही, ताई." शेवटी आजारपणात भेटायला गेलेलो तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मीही तेच उत्तर दिलं.

तेराव्यानंतर सुनेने डबा आणि धाग्यांसकट पत्रिकांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "तुम्हालाच द्यायला सांगितलंय." दोन्ही घेऊन मी कोळीवाड्यात गेलो. मथुराबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या मान वर न करता ऐकत राहिल्या.

"ताईला सांगितलास हे?"

"नाही."

"मंग आता मना कशाला सांगतंस?"

मी डबा आणि गठ्ठा ओट्यावर ठेवला. त्यांनी गठ्ठा ओढून घेतला, होडी परत येते ती पत्रिका शोधली, दाताने तिचे दोन्ही धागे तोडले आणि पत्रिका कनवटीला खोचली. बाकीचा गठ्ठा माझ्याकडे सरकवून पुन्हा सुकट निवडायला लागल्या.

दुपारची बॅच चालू आहे. बायका चपला बाहेर काढून आत येतात, फरशीवर पत्रिका मांडतात. डबा पहिल्या मशीनशेजारी ठेवला आहे. झाकणावर चिकटपट्टीखाली ताईंचं अक्षर आहे, 'मथुराचा आवाज. पुसू नये.' नवीन बाई हमखास विचारते, सर, यात काय आहे? डिस्कला काहीही झालेलं नव्हतं, इथून मी सांगायला सुरुवात करतो.