नादार व्हायलाही ऐपत लागते

आख्ख्या घाटकोपरात एकही माणूस कर्जाशिवाय राहू नये, अशी आमच्या समोरच्या खोलीतल्या काकांनी शपथच घेतली असावी. पतपेढीच्या कर्जाला जामीनदार हवाय असं कुणी म्हणायचा अवकाश, काका चपला घालून तयार! खिशाला पेन, पाकिटात स्वतःचे चार फोटो, पिशवीत आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा. एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाला मठ्ठा यायच्या आतच जामीन राहायचं कबूल करून आले. मी ओरडले, तर म्हणतात कसे, "सही केलंय म्हणून काय झाला गो? शाईच गेली मां!"

तो गृहस्थ साडेसहा लाख बुडवून पसार झाला आणि काकांच्या दारावर नोटीस लागली. शाई कसली, राहती खोली जायची वेळ आली! काका मात्र शांत. "मी नादार होतंय. दिवाळखोरीचो अर्ज केलो की सुटलंय." मी त्यांना धरून मुलुंडच्या एका वकीलबाईंकडे नेलं. शाळेच्या ॲडमिशनला विचारावं तसं काकांनी विचारलं, "पात्रता काय लागता?"

"जुन्या कायद्याप्रमाणे पाचशे रुपयांचं देणं असलं तरी चालतं," बाई म्हणाल्या. मी उडालेच! म्हणजे आमची सगळी चाळ पात्र! मग त्यांनी कोर्टाचा खर्च आणि स्वतःची फी सांगितली, तेव्हा काका उडाले. "नादार होवक एवढे पैसे? मग माका परत कर्ज काढूक व्हया. तुम्ही जामीन रवशात?"

बाईंनी हसू दाबत कागद पुढे केला. ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची नावं लिहायची होती. कोर्टाने मोकळं केलं की ती देणी संपली. काकांनी पतपेढी लिहिली आणि त्याखाली माझ्या आईचं नाव. बारा हजार. मी हबकले. आई जाऊन चार वर्षं झाली, मला त्या पैशांचा पत्ताच नव्हता.

"हे पण बुडतले?" काकांनी विचारलं.

"हो. पण कागद नसेल तर कुणाला कळणार? नाव लिहूच नका," मीच घाईघाईने म्हटलं.

"खोटा लिहू? आणि खाली माझी सही?" त्यांनी कागदाची घडी घातली. "मग नको माका."

खोली विकून त्यांनी पतपेढी फेडली आणि उरलेल्या पैशांत लांब वांगणीला एक खोली घेतली. जायच्या दिवशी माझ्या हातात बारा हजार ठेवले. मी रडत नको नको म्हणत होते, तर खिशातलं पेन काढून पावती पुढे केली. "हंय सही कर." आयुष्यात पहिल्यांदाच काका दुसऱ्याची सही मागत होते.

मी केली. पेन परत द्यायचं तेवढं राहून गेलं.