शिवण कुणीकडं दाबायची, ते मी मुद्दाम चुकीचं सांगितलं

मैत्रिणींनो, आज दुपारी मी माझ्या थोरल्या जाऊबाईंचा बदला घेतला. सांगितल्याशिवाय राहवत न्हाई, म्हणून लिहायलेय.

तीन महिने बसून मी चौकोनी तुकड्यांची गोधडी शिवली. आज वालूरला बचत गटाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या मॅडमनी ती उचलून विचारलं, "ही कुणी शिवली?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "मीच!" चारचौघींत मोठ्या जावेला खोटं पाडायचं धाडस मला झालं न्हाई.

मॅडम खूश झाल्या. "मग चौकोनांच्या दोन ओळी जोडून दाखवा की. शिवणी इतक्या नेमक्या कशा जुळतात?"

जाऊबाई मशीनवर बसल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "सांग की गं, मागची माया कुणीकडं दाबू?"

माया म्हणजे शिवणीमागं उरलेलं कापड. वरच्या ओळीची एकीकडं आणि खालच्या ओळीची दुसरीकडं दाबली, तरच शिवणी एकमेकींना भिडतात. मी म्हणलं, "दोन्ही एकाच बाजूला दाबा."

कापड उलगडलं तर जोडावर हा फुगवटा, अन् चौकोन बोटभर सरकलेले! मी पुढं झाले, टाके उसवले, माया नीट दाबून पुन्हा शिवलं. चारी कोपरे एका ठिकाणी जुळले. मॅडमना कळायचं ते कळलं.

घरी येताना जाऊबाईंचे डोळे भरले होते. तरी मला लय बरं वाटलं, अजून वाटायलंय.

तुमी माझ्या जागी असता, तर माया कुणीकडं दाबायची ते खरं सांगितलं असतं का?