तारेवरची खरखर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे मालक ब्रॉडबँडचे मोडेम बनवायला लागले, तेव्हा तिथली एकुलती एक इंजिनिअर मी होते. मोडेम पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवण्याआधी तो टेलिफोनच्या तारेवर स्वतःची किती खरखर सोडतो, हे मी मोजायचं. ही विजेची खरखर कानाला ऐकू येत नाही. यंत्राच्या पडद्यावर रेघ वर चढते, एवढंच.

आधी मोडेम बंद ठेवून आजूबाजूची खरखर मोजायची असते. आमची रेघ मोडेम बंद असतानाच मर्यादेच्या वर!

"शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग. दुसरं काय असणार?" मालक म्हणाले. मलाही पटलं. दोष द्यायला इतका खडखडाट करणारा शेजारी शोधून सापडला नसता. महिनाभर आम्ही त्या मागांना नावं ठेवली. शेवटी मी पलीकडच्या मागवाल्या काकांकडे गेले.

"काका, थोडा वेळ माग थांबवाल? आमच्या डबीचा आवाज मोजायचाय."

"ती आवाज करती व्हय? आमाला तर काय ऐकू येईना की."

"ऐकू नाही येत."

"मग मोजायचा कशाला?"

उत्तर मला येत होतं, पण त्या गदारोळात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. तरी भल्या माणसानं चहाच्या वेळी सगळे माग बंद केले.

रेघ तसूभरही हलली नाही.

मग मी आमच्याच खोलीतलं एकेक बंद करत सुटले. ट्यूब, पंखा, चार्जर. उरली देवाच्या फोटोवरची एलईडीची माळ. चाचणी पास व्हावी म्हणून मालकांनीच लावलेली. तिचा प्लग काढला आणि रेघ खाली बसली.

मालक हळहळले. "मॅडम, तेलाचा दिवा लावला तर चालंल का?"

"तेलाचा चालेल."

मी मोडेम चालू केला. तो नापास झाला. या खेपेला शेजारी नव्हता, माळ नव्हती. दोष पॉवरच्या सर्किटमध्ये होता, आणि ते मीच आखलेलं होतं. ते नीट करायला आठवडा लागला.

पास झाल्यावर काकांना सांगायला गेले.

"म्हंजे आमच्यामुळं न्हवतंच?"

"नव्हतं, काका."

"तुमच्या मालकास्नी सांगा तेवढं. लई बोलत हुते."

मी सांगितलं. मालकांनी काकांकडे पेढ्यांचा पुडा पाठवला, चाचणी पास झाल्याचा. चुकलं म्हणून चकार शब्द नाही. मला त्यांचा राग आला. त्याच रागात मी अहवाल पुरा केला आणि जिथे माझी चूक लिहायची त्या रकान्यात लिहिलं, 'सर्किटमध्ये किरकोळ सुधारणा.'